उलट्या बाजूचे शिक्के

आमच्याकडे विद्यापीठ आलं ते टांग्यातून. तीन माणसं, एक चामड्याची बॅग, आणि टांगेवाला वेगळा. हे सांगितलं की आमची नातवंडं फिदीफिदी हसतात. हसू देत. त्यांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे फॉर्म भरायची खिडकी आणि उशिरा लागणारा निकाल. मी त्याला ह्या डोळ्यांनी टांग्यातून उतरताना पाहिलंय, आणि त्याच्यापुढे उभी राहून चळचळा कापलेय. त्यामुळे कोणी विद्यापीठाला नावं ठेवली की मला अजून राग येतो. ठेवायला जागा पुष्कळ असेल हो, पण आधी ते कुठून कुठे आलं ते तरी बघा.

स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील. आम्ही अंबरनाथला राहत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कारखान्यात हजेरीच्या ऑफिसात होते. कामगार भोंग्यानंतर दोन मिनिटांनी आला तरी त्याच्या नावापुढे लाल खूण करणारा माणूस. घरीही तसेच. मी मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान. झालं आता." त्या "झालं आता"चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. आत्याने माझी पत्रिका मागून घेतली होती.

कॉलेज म्हणजे त्या काळी आमच्यापासून फार लांब. मुलगे जायचे, वसतिगृहात राहायचे किंवा मामाकडे. मुलीला कोण पाठवतोय? मी वर्षभर घरी बसले. स्वेटर विणले, लोणची घातली, आईच्या हाताखाली पुरणपोळी शिकले आणि पुरण फुटलं की बोलणी खाल्ली. मला शिकायचं होतं. दुसरं काहीसुद्धा नको होतं. रोज मनात म्हणायचे, एवढं एक होऊ दे. पण अण्णांच्या पुढे बोलायची प्राज्ञा नव्हती.

अंबरनाथच्या पलीकडे, वालधुनी नदी ओलांडली की कॅम्प लागायचा. त्याला उल्हासनगर हे नाव नवीनच मिळालं होतं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळी सैन्यासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेले आठआठ संसार. सुरुवातीला आम्ही त्यांना नुसतं लांबून बघत होतो. मग त्यांचे पापड आमच्या दारात आले, मग कापडाचे तागे आले, आणि आई भाजीवालीशी घासाघीस करावी तशी त्यांच्याशी हिंदीत भांडायला लागली. "कमी करो ना भाऊ, इतना कशाला?" असं आईचं हिंदी. त्यांना ते चांगलं कळायचं.

एका रविवारी त्या कॅम्पातून एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. पांढरी पँट, गळाबंद कोट, आणि गुडघ्यापर्यंत धूळ. सिंधमध्ये मोठ्या कॉलेजात शिकवत होते, इथे दोन बराकींत स्वतःचं कॉलेज काढून बसले होते. स्वतः प्रिन्सिपॉल. अंबरनाथमध्ये घरोघर हिंडून मुलं गोळा करत होते, आणि ह्या घरात मॅट्रिक झालेली मुलगी आहे हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. अण्णांनी खुर्ची दिली, आईने चहा दिला. चहा संपवून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साईं, आप अपनी बेटी हमको दे दीजिए."

अण्णांचा कप बशीवर आपटला. आई दारातून आत पळाली.

"पढ़ने के लिए," प्रिन्सिपॉल साहेब घाईने म्हणाले. "पढ़ने के लिए!"

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते, पण कान बाहेर होते. अण्णा सावरले आणि त्यांनी हजेरीबुकातला प्रश्न विचारला. "विद्यापीठाची मान्यता आहे का?"

नव्हती. तिथेच तर सगळी गोम होती. कॉलेज होतं, पोरं येत होती, तास होत होते, पण विद्यापीठाच्या लेखी ते कॉलेज नव्हतंच. तिथल्या मुलाला परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि विद्यापीठही कुठलं, तर नुकतंच निघालेलं, घाटावरचं. स्वतःच अजून पाळण्यात. त्याच्या हद्दीत कोणते जिल्हे येणार यावर वर्तमानपत्रांत वादावादी चालायची. ते विद्यापीठ गावोगावच्या कॉलेजांना हात देत देत वाढत होतं, आणि त्याने आमच्यापर्यंत हात पोचवावा म्हणून हे प्रिन्सिपॉल साहेब धडपडत होते. होळीनंतर विद्यापीठाची समिती येऊन बघणार होती: खोल्या आहेत का, शिकवणारे लायक आहेत का, ग्रंथालय आहे का.

अण्णांनी दोन मिनिटं विचार केला. "अक्षय तृतीयेपर्यंत मान्यता आली तर मुलगी तुमच्या कॉलेजात. नाही आली तर तिचं लग्न. बदलापूरजवळ मांजर्लीचं स्थळ आहे, माणसं चांगली आहेत, त्यांना मी तेवढीच मुदत मागितली आहे."

स्थळ खरोखर चांगलं होतं. नदीकाठची भातशेती, मुलगा नोकरीला. त्यात खोट काढायला जागा नव्हती, हाच माझा घोर होता.

प्रिन्सिपॉल साहेबांनी मान डोलावली, आणि उठता उठता विचारलं, की तोवर मुलीला महिनाभर पाठवाल का? ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायच्या आहेत, कोणाचं अक्षर चांगलं नाही. अण्णा म्हणाले, "नोंदी करायला हरकत नाही. घरी बसून तरी काय दिवे लावतेय!"

असे माझे पाय विद्यापीठाला लागले.

ग्रंथालय म्हणजे बराकीचं एक टोक. मध्ये फळ्या ठोकून भिंत केलेली, आणि लष्कराच्या जुन्या पेट्या आडव्या रचून कपाटं. माझ्या जोडीला बदलापूरचे एक निवृत्त हेडमास्तर होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. धोतर, काळी टोपी, नाकातून बोलणं. दोघांनी मिळून प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि मोठ्या वहीत नोंद करायची. इंग्रजी पुस्तकं थोडी विकत आणलेली होती. पण विद्यापीठाला हवी तेवढी पुस्तकं विकत आणायला कोणाकडे काय होतं? म्हणून प्रिन्सिपॉल साहेबांनी बराकीबराकीतून निरोप धाडला, की ज्यांच्याकडे पुस्तकं असतील त्यांनी कॉलेजला द्यावी.

आणि काय सांगू, पुस्तकं यायला लागली! पत्र्याच्या ट्रंकेतून, उशीच्या अभ्र्यातून, चादरीच्या गाठोड्यातून. ज्यांच्या घरात दोन ताटं धड नव्हती त्यांच्या घरातून कायद्याचे जाडजूड ग्रंथ येत होते, फारसीचे, गणिताचे, वैद्यकाचे, आणि सगळ्यात जास्त सिंधी. एक म्हातारे गृहस्थ रोज एकच पुस्तक घेऊन यायचे. रोज एक. सगळी एकदम द्यायचा त्यांना धीर होत नव्हता. मी घरी येऊन आईला सांगितलं, "अगं, ह्यांनी घरंदारं टाकली, सोनंनाणं टाकलं, आणि येताना पुस्तकं आणली!" आई पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "आपल्यावर वेळ आली असती तर मी पितळेचा डबा घेतला असता." आई खोटं बोलायची नाही. मी काय घेतलं असतं याचा विचार करून माझं मलाच लाजिरवाणं वाटलं.

आता माझी चूक सांगते. सिंधी लिपी मला येत नव्हती, गुरुजींना येत नव्हती. नुसत्या मुंग्या धावल्यासारखी अक्षरं. पण शिक्का मारायला लिपी कशाला यायला हवी? असं मी म्हटलं, आणि गुरुजी म्हणाले, "अगदी बरोबर." पुस्तक घ्यायचं, शिवणीची बाजू डाव्या हाताला धरायची, उघडायचं, शिक्का. जन्मभर पुस्तकं अशीच उघडली होती की आम्ही! सिंधी पुस्तक उजवीकडून उघडतं, आपलं शेवटचं ते त्यांचं पहिलं, हे आमच्या दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही. बाहेर दहा पावलांवर विचारायला शेकडो माणसं होती. पण ती माणसं प्रयोगशाळेची भिंत बांधत होती, विहिरीवरून पाणी वाहत होती, आणि आम्हाला वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना काय त्रास द्यायचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

वहीतल्या नोंदी तर बघण्यासारख्या होत्या. पुस्तकाचं नाव वाचता येत नव्हतं, म्हणून मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचे: "सिंधी पुस्तक, लाल पुठ्ठा, जाड." खाली: "सिंधी पुस्तक, लाल पुठ्ठा, बारीक." त्याखाली: "सिंधी पुस्तक, पुठ्ठा फाटलेला." गुरुजींनी ते वाचून "नेटकं आहे" असा शेरा दिला होता.

होळी झाली. समिती आली. सकाळपासून सगळा कॅम्प रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा. कोणी सांगितलेलं नव्हतं. बायका पदराखाली लेकरं घेऊन उभ्या, म्हातारे खाटेवरून उठून आलेले. कोणी घोषणा दिली नाही, हार नाहीत, काही नाही. टांगा थांबला, तिघे उतरले, आणि एवढ्या माणसांत एक शब्द उमटला नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना लोक गप्प होतात तसे.  मला तोवर वाटायचं की शिकायची ओढ फक्त मलाच आहे. अहो, इथे अख्खं गाव नजर लावून उभं होतं.

तिघांत मुख्य होते ते वयाने मोठे, डोक्याला पगडी, काळा कोट. त्यांनी खोल्या पाहिल्या, प्रयोगशाळेत पाहिलं, प्राध्यापकांना इंग्रजीत काही विचारलं. मग ग्रंथालय. मी आणि गुरुजी भिंतीला चिकटून उभे. पगडीवाल्या साहेबांनी वरच्या पेटीतून एक लाल जाड पुस्तक काढलं, हातात फिरवून घेतलं आणि मागच्या बाजूने उघडलं. मला मनात हसू आलं. म्हटलं, विद्यापीठाचे एवढे मोठे पंडित, आणि पुस्तक उलटं धरलंय.

"याच्यावर शिक्का नाही," ते म्हणाले.

दुसरं काढलं. "यावरही नाही." तिसरं. चौथं. शेजारचे सभासद हळूच मराठीत म्हणाले, "उसनी आणलेली दिसतात. तपासणीपुरती."

तसं तेव्हा चालायचंही. समिती यायची म्हणून इकडची तिकडची पुस्तकं आणून मांडायची, समिती गेली की परत. प्रिन्सिपॉल साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते.  त्यांचे हात मागे होते आणि हातातला रुमाल ते पिळत होते, ते मला भिंतीकडून दिसत होतं. सगळं गमावून आलेला माणूस, आणि आता त्याच्यावर लबाडीचा आळ, तोही माझ्या डोळ्यांदेखत. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी शिक्के मारलेत, गेले कुठे?

मग मी पगडीवाल्यांकडे पाहिलं. ते पुस्तक तपासत नव्हते, वाचत होते. त्यांचे डोळे उजवीकडून डावीकडे सरकत होते. त्यांनी पान उलटलं आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे. घाटावरचा हा म्हातारा बामण, याला ती मुंग्यांची रांग वाचता येत होती! इतिहासाचे जुने कागद वाचता यावेत म्हणून फारसी शिकलेले होते, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की उलटं त्यांनी धरलेलं नाही, उलटी मी आहे.   आणि तोंडातून निघून गेलं:

"उसनी नाहीत हो साहेब! शेवटचं पान बघा! आमच्या बाजूचं पहिलं!"

सगळे वळले. त्यांनी पुस्तक फिरवून शेवटचं पान काढलं. होता शिक्का. जांभळा, ठसठशीत. आणि चुकीच्या टोकाला.

"हा कोणी मारला?"

"मी."

"उलट्या बाजूला का?"

"सुलटं कुठलं ते मला कळलं नाही."

एवढं बोलून मला रडू फुटलं. गुरुजी पुढे झाले. म्हणाले, "चूक माझी आहे. मी छत्तीस वर्षं हेडमास्तर होतो. पोर तेवढी हाताखाली." त्यांच्याबद्दल मी एरवी कितीही कुरकुर केलेली असली, तरी त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर नमस्कार करते.

पगडीवाल्यांनी दहाबारा पुस्तकं काढून शेवटची पानं पाहिली. त्यांच्या मिशीखाली हसू हललं असं मला वाटलं. पण मग त्यांनी वही मागितली, आणि हसू गेलं. मोठ्याने वाचलं, "सिंधी पुस्तक, लाल पुठ्ठा, जाड." पान उलटलं. "सिंधी पुस्तक, लाल पुठ्ठा, बारीक." माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुली, हे ग्रंथालय आहे की रंगाऱ्याचं दुकान? ज्याने हे लिहिलं त्याचं नावसुद्धा नाही यात. त्याने काय पुठ्ठ्यासाठी लिहिलं होतं?"

शहाण्याला शब्दाचा मार. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यांनी प्रिन्सिपॉल साहेबांना इंग्रजीत निकाल सांगितला. बाकी सगळं ठीक. पुस्तकं कॉलेजची आहेत हेही मान्य. पण ग्रंथाचं नाव आणि कर्त्याचं नाव लिहून, योग्य पानावर शिक्का मारून, पूर्ण यादी महिन्याभरात विद्यापीठाकडे पोचली पाहिजे. ती पाहिल्याशिवाय मान्यतेचा कागद पुढे सरकणार नाही.

टांगा गेला. आता प्रिन्सिपॉल साहेब मला हाकलणार, आणि हाकललं तरी मी काय म्हणणार होते? त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली. "जिस ने उल्टा किया, वही सीधा करेगी," म्हणाले. मग आवाज थोडा खाली आणून, "लेकिन पहले पढ़ना सीखेगी."

शेजारच्या बराकीत एक बाई राहायच्या, सगळे त्यांना अम्मा म्हणायचे. पांढरी सलवार, पांढरी ओढणी, आणि दिवसभर पापड लाटणं. नवरा इकडे आल्यावर वर्षभरात गेला होता. ती लाल पुठ्ठ्याची पुस्तकं त्यांच्याच घरची. त्यांच्याकडे मला शिकायला धाडलं. पाटी नव्हती, कागद जपून वापरायचा, म्हणून अम्मा पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायच्या. बावन्न अक्षरं! एकाला एक टिंब, एकाला दोन, एकाला तीन, आणि चार टिंबांचीसुद्धा. टिंब चुकलं की अम्मा माझ्या बोटावर चापट मारायच्या आणि पीठ सपाट करायच्या. दहा दिवस मी घरी जाताना पिठाने माखलेली. आई म्हणाली, "नोंदी करायला जातेस की गिरणीत?"

आणि मग एके दिवशी त्या मुंग्या थांबल्या. खरंच सांगते, एका ओळीतले तीन शब्द मला एकदम दिसले. त्यातला एक "पाणी" होता. पाणी! त्यांचंही पाणी तेच! मी ओरडलेच. अम्मा लाटणं टाकून बघायला आल्या. त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा मला पुढे पदवी मिळाली तेव्हाही झाला नाही.

पण काम अफाट होतं. प्रत्येक नाव अक्षर लावून वाचायचं, अडलं की अम्मांना विचारायचं, मग देवनागरीत लिहायचं. तीन आठवडे संपले आणि निम्मीच पुस्तकं झाली. मी घरी जेवताना रडले.  रविवारी सकाळी अण्णा धोतर नेसून, टोपी घालून तयार. "चल. शिक्के मी मारतो, तू वाच. कामाला लागलेला माणूस वेळेवर काम का संपवू शकत नाही, ते मला बघायचंय." अट घालणारे तेच, आणि ती अट पुरी करायला निघालेलेही तेच. मी मागून चालताना त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

अण्णांचं काम म्हणजे यंत्र. मी नाव वाचायचे, गुरुजी लिहायचे, अम्मा चुकलेलं दुरुस्त करायच्या, अण्णा पान बघून शिक्का. पुढच्या रविवारीही तेच. दुपारी ते लाल जाड पुस्तक हाताशी आलं, समितीने पहिल्यांदा काढलं होतं तेच. मी नाव वाचलं. अण्णांनी शिक्का उचलला आणि थांबले. "इथे हाताने काहीतरी लिहिलंय. काय आहे?"

महिन्याभरात अम्मांकडून थोडी भाषाही कळायला लागली होती; मी अक्षर लावत लावत वाचलं. माझ्या मुलीला, तिचं कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी, तिच्या वडिलांकडून. एवढंच. मी शब्द शब्द करून वाचत होते म्हणून ते फार हळू बाहेर पडलं.

अम्मा कोपऱ्यात बसल्या होत्या; पुस्तक त्यांच्याच घरचं, हे मी अण्णांना खुणेने सांगितलं. अण्णांनी त्यांना विचारलं, "तो... लड़की का बीए हो गया?"

"कहाँ साईं," अम्मा म्हणाल्या. "गड़बड़ शुरू हो गई. सब ने कहा, जवान लड़की घर में मत रखो. आठ दिन में शादी कर दी. घर अच्छा था, लड़का अच्छा था. अजमेर में है. सुखी है." मग ओढणी सावरत, "हर चिट्ठी में एक बात पूछती है, मेरी किताबें सँभाल के रखी हैं ना? मैं पढ़ने आऊँगी."

अण्णांचा शिक्का हातात तसाच होता. "आपने क्या लिखा?"

"लिख दिया, कॉलेज में हैं. अब कौन आता है साईं, दो बच्चे हैं."

 अण्णांनी पुस्तक जरा वर सरकवलं, आणि त्या हस्ताक्षराला धक्का लागू नये म्हणून शिक्का खाली अगदी कोपऱ्यात मारला. मग त्यावर फुंकर घालत बसले. शाई केव्हाच वाळली होती. परतताना वाटेत त्यांनी मला दोनदा "झपझप चाल" म्हणून दटावलं.

यादी मुदतीच्या दोन दिवस आधी गेली. रजिस्टर पोस्टाने, प्रिन्सिपॉल साहेब स्वतः टपालकचेरीत घेऊन गेले. मग वाट बघणं. चैत्र सरला. रोज मी पोस्टमनच्या वेळेला कॅम्पात काहीतरी निमित्त काढून हजर. रोज नाही. अक्षय तृतीया उजाडली. कागद आला नव्हता.

चारच्या सुमारास मांजर्लीची मंडळी आली. मुलाचे वडील आणि काका. टोपलीभर कैऱ्या घेऊन आले होते. बोलायला मोकळे, साधे. मी स्वयंपाकघरात चुलीपाशी बसले होते. आई पन्हं ढवळत होती आणि ढवळतच होती. मला ठाऊक होतं, अण्णा शब्दाचे पक्के. दिलेली मुदत म्हणजे मुदत. मी मनाची तयारी केली होती. खरं म्हणजे केली नव्हती, करतेय असं स्वतःला सांगत होते.

हवापाण्याचं बोलून झालं. मग मुलाचे वडील म्हणाले, "मंग, आज अक्षय तृतीया. शुभ दिवस हाये. ठरवायचं ना? पोरगी घरीच आसंल?"

 बाहेर खुर्ची करकरली.

"नाही," अण्णा म्हणाले. "मुलगी कॉलेजात आहे."

"अरे वा! म्हंजे कॉलेजाला मान्यता आली?"

"नाही आली."

"न् नाय आली तर?"

"तर पुढच्या वर्षी येईल. नाही तर त्याच्या पुढच्या. तुम्ही थांबू नका, तुम्हाला मी अडकवून ठेवलं, माझी चूक आहे, माफी मागतो. पण मुलगी कॉलेजात आहे."

आईचा हात थांबला. माझ्या तोंडावर मी दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते. आईने दोन पेले भरले, माझ्या हातात तबक दिलं आणि पुटपुटली, "पूस डोळे. आणि बाहेर नेऊन दे, माणसं उन्हातून आलीत."

विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं.